शिक्का माझा, भट्टी दुसऱ्याची

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका चादरीची घडी. दुबईत, करामातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत डबल बेडची चादर वाळत होती. शालननं दोन टोकं धरली, मी दोन धरली. मी नेहमीप्रमाणं उलटी बाजू वर घेतली आणि ती नेहमीप्रमाणं म्हणाली, "अहो, पंचेचाळीस वर्षं झाली, तुम्हाला अजून सुलटी बाजू कळंना."

"गादीवर घालायचीय, नेसायची नाही," मी म्हटलं.

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. कपाळ चेपत म्हणाली, "डोकं धरलंय सकाळपासनं. मळमळतंय पण."

"दिवसभर तळणाच्या वासात होतीस, दुसरं काय होणार? चहा घे आणि पड जरा."

हे मी बोललो. ज्यानं चाळीस वर्षं दुबईत डिझेलच्या बर्नरची आणि धुराड्यांची कामं केली, त्यानं. दुपारचे चार वाजले होते. संध्याकाळी ती गेली.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या बाईंचा फोन आला होता. "काका, तुमच्या कामातले अनुभव लिहा, गमतीशीर लिहा." जे गमतीचं आहे ते लिहितो. जे नाही तेही लिहितो. माझं शिक्षण सातवी. भाषा सुधारून घ्या, पण मजकूर कापू नका.

मी मूळचा इचलकरंजीचा. तिथल्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, बॉयलरवर फायरमन होतो. कोळसा ओढायचा, पाण्याच्या काचेकडं बघत बसायचं. परीक्षा देऊन बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट काढलं होतं. आमच्या बॉयलर इन्स्पेक्टरला मालकसुद्धा टरकायचा. तो आला की मालक स्वतः खुर्ची पुसायचा. त्याच सर्टिफिकेटवर एका लाँड्रीनं मला इकडं आणलं. पुढं डिझेलचे बर्नर शिकलो आणि तेच आयुष्यभर केलं. लाँड्री, बेकऱ्या, कामगारांच्या कॅम्पची स्वयंपाकघरं, कुठं पाणी तापवायचं, कुठं वाफ करायची, कुठं तेल. शेवटची पंधरा वर्षं माझी स्वतःची छोटी कंपनी होती. दोन माणसं, एक पिकअप, एक लायसन्स, एक शिक्का. आज लायसन्स नाही. का नाही, ते पुढं येईलच.

ज्यांनी बर्नर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंप डिझेल दाबतो, ते नोझलच्या सुईएवढ्या भोकातनं धुक्यासारखं बाहेर येतं, ठिणगी पडते, मागनं पंखा हवा मारतो, जाळ धरतो. समोर एक काचेचा डोळा असतो. त्याला जाळ दिसला नाही की तो डिझेल बंद करतो. एवढंच यंत्र. यात हुशारीचं काही नाही. फक्त दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. भट्टीला हवा आत यायला वाट पाहिजे आणि धूर बाहेर जायला वाट पाहिजे. हवा कमी पडली की जाळ अर्धवट जळतो आणि असा वायू करतो जो दिसत नाही, ज्याला वास नाही. माणूस म्हणतो, जरा डोकं दुखतंय. नंतर काही म्हणत नाही.

आता या देशातली गोम ऐका. आपल्याकडं भट्टी म्हटलं की दारं उघडी, पत्र्याला भोकं, वारा चारी बाजूंनी. इथं हवा विकतची. एसीनं थंड केलेली. ती बाहेर जाऊ नये म्हणून जो तो भोकं बुजवत असतो. मी भिंतीत हवेसाठी जाळी बसवून यायचो आणि महिन्यानं जाऊन बघावं तर तिच्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टेप. विचारलं तर म्हणणार, "ठंडा हवा भागता है, भाईसाब." बरं, ठंडा हवा भागता है. मग जाळाला काय देणार, आशीर्वाद?

रास अल खोरमधल्या एका लाँड्रीची गोष्ट. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफ जास्त झाली की तो उघडतो, मोठ्यांदा फुसकारतो, जादा वाफ सोडून देतो. मी गेलो तर त्याच्या तोंडात बोल्ट घट्ट आवळलेला. मॅनेजर सभ्य माणूस, टाय लावलेला.

"ये किसने किया?"

"एक टेक्निशियन आया था. ये बहुत आवाज करता था. ऊपर ऑफिस में मीटिंग होती है."

"ये फटेगा तो मीटिंग में जोर से सुनाई देगा," मी म्हटलं.

त्यानं मला थंड पाणी दिलं आणि विचारलं, आवाज न करणारा व्हॉल्व्ह मिळत नाही का. मी बॉयलर बंद करून खाली उतरलो. त्यानं मालकाला फोन लावला, मालकानं मला झाडलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावला. तो दुसरा कोण, कुणास ठाऊक. असे दुसरे या गावात भरपूर. व्हिसावर कुणी ड्रायव्हर, कुणी हेल्पर, कुणी रंगारी. सुट्टीच्या दिवशी बर्नरवाला. भंगारातनं बर्नर आणतात, पुसतात, मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि बसवतात. तो काचेचा डोळा सारखा यंत्र बंद पाडतो म्हणून त्याच्यासमोर छोटा बल्ब लावून ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. डोळा बिचारा बल्बला जाळ समजून खूश. जाळ विझला तरी डिझेल वाहतंय.

दुसरं गिऱ्हाईक एक म्हातारा अरब, अल ऐनच्या रस्त्यावर शेत होतं त्याचं. थंडीत वाळवंटात रात्री हुडहुडी भरते, हे आपल्या लोकांना सांगून पटत नाही. त्यानं बसायच्या खोलीत डिझेलचा हीटर बसवून घेतला होता. बसवणाऱ्यानं धुराडं खोलीच्या बाहेर काढलं होतं. म्हणजे कुठं? तर भिंतीपलीकडं. आणि भिंतीपलीकडं म्हाताऱ्याच्या ससाण्यांची खोली. बसवणाऱ्याच्या हिशेबानं खोलीच्या बाहेर म्हणजे बाहेर, पलीकडं काय आहे ते बघायला तो कशाला जाईल? दोन ससाणे मेले. म्हाताऱ्यानं मला नेऊन ससाणे बसायचे ती रिकामी दांडी दाखवली. मी पाइप दाखवला. तो पाइपकडं बघत मोडक्या हिंदीत म्हणाला, "वो आदमी बोला, खलास, नो प्रॉब्लेम. हम बोला, इन्शाल्ला. बस." मग म्हणाला, "इन्शाल्ला मशीन के लिए नहीं है." जन्मात एवढं शहाणं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही. पण त्यालाही शहाणपण आलं ते दोन पाखरं गेल्यावर.

नियम नाहीत असं नाही. भरपूर आहेत. पण गॅसला सगळे भितात म्हणून गॅसकडं सगळ्यांचं लक्ष. डिझेलची भट्टी म्हणजे कुणाच्याच ताटात न पडलेली भाजी. निदान मला तरी कधी कळलं नाही की ती नक्की कुणी बघायची. लायसन्सवर 'जनरल मेंटेनन्स' असं लिहिलेलं असतं. त्यात नळ बदलणं आलं, भिंत रंगवणं आलं, आणि ओढूनताणून भट्टीही आली. तपासायला येतो तो पोरगा शिकलेला असतो, चांगला असतो. फ्रिजचं टेंपरेचर बघतो, आग विझवायच्या सिलिंडरची तारीख बघतो, भट्टीचा कागद मागतो. कागद असतो. त्यावर कुठल्यातरी कंपनीचा शिक्का असतो. शिक्का बघितल्यावर त्यानं छतावर का चढावं? शिक्का मारणारा चढला असेल असं तो धरून चालतो. हीच खरी मेख. बसवणारा एक, शिक्का मारणारा दुसरा, आणि दोघांची गाठ फक्त कागदावर.

शिक्के देणारे कोण, असं मी तावातावानं विचारायचो. घरी, मंडळात, सत्यनारायणाच्या प्रसादाला बसल्यावर. "यांना उलटं टांगलं पाहिजे," म्हणायचो. लोक म्हणायचे, बापूंना, म्हणजे मला, कुणी तरी शिरा द्या, तोंड बंद होईल.

मग विलास आला. विलास म्हणजे शालनच्या चुलत भावाचा मुलगा, हातकणंगल्याचा. तिला आत्या म्हणायचा, मला मामा. एका कंपनीत हेल्पर होता. हाताला चपळ, बोलायला गोड. दर शुक्रवारी जेवायला यायचा, आत्याच्या हातची पातळ आमटी ओरपायचा. एक दिवस मिठाईचा डबा घेऊन आला.

"मामा, सदाभाऊंची भट्टी बसवली. एकदम ओके काम."

सदाभाऊ म्हणजे आमच्यातले केटरर. रास अल खोरला त्यांचं फरसाणाचं आणि डब्यांचं किचन. सज्जन माणूस. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःच्या गाडीनं जेवण आणणारा.

"तू कधी भट्टी बसवायला शिकलास?" मी विचारलं.

"व्हिडिओ बघितले की. शिवाय तुमच्याबरोबर दोन-तीनदा आलो होतो ना."

"स्पॅनर धरायला आला होतास."

"तेच की मामा. बघून बघून शिकलो. आता फक्त कागदावर शिक्का पाहिजे. उद्या तपासणीला येणारायत."

"मी आधी बघतो, मग शिक्का."

"आज द्या मामा. मग निवांत बघा की."

शालन स्वयंपाकघरातनं कणकेच्या हातानं बाहेर आली. "द्या की. घरचं पोरगं आहे. तुम्ही काय आईच्या पोटातनं शिक्का घेऊन आला होता?"

बरोबर होतं तिचं. मीसुद्धा इथं पहिली कैक वर्षं दुसऱ्याच्या लायसन्सवर कामं केली होती. मला कुणीतरी शिक्का दिला होता म्हणून मी उभा राहिलो. आपल्या लोकांत हेच चालतं. पक्क्या कागदाचा माणूस शोधायचा नाही, आपला माणूस शोधायचा. आपला माणूस फसवणार नाही. खरं आहे, विलासनं फसवलं नाही. त्याला येतच नव्हतं. आणि न येणारा माणूस फसवणाऱ्यापेक्षा वाईट, कारण तो मनापासून सांगतो की काम ओके आहे.

मी ड्रॉवर उघडला आणि शिक्का मारला. सहीपण केली.

निवांत बघायला मी गेलो नाही. उन्हाळा होता, गुडघा दुखत होता, पिकअप विकली होती. विलास भेटला की विचारायचो, "भट्टी कशी आहे रे?" तो म्हणायचा, "एकदम मस्त, मामा." जून गेला, जुलै गेला, गणपती येऊन गेले. दुसऱ्या कुणी असा कागद केला असता तर त्याची मी मंडळात चामडी सोलली असती.

मंडळाच्या बायका दरवर्षी दिवाळीत कॅम्पमधल्या एकट्या राहणाऱ्या आपल्या पोरांसाठी फराळ करतात. चकली, करंजी, शेव, चिवडा, डबे भरून वाटतात. मागल्या वर्षी सदाभाऊ म्हणाले, घरी कशाला त्रास, माझ्या किचनमध्ये करा. आठजणी सकाळी सातला गेल्या. ऑक्टोबर होता, बाहेर अजून उकडत होतं, आत एसी. शालन चकल्या तळायला बसली. तिथं दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही ती. चकली मऊ पडली तर तिच्या माहेराची अब्रू जायची. दुपारी अडीच-तीनला परत आली. चारला आम्ही चादरीची घडी घातली.

संध्याकाळचं सगळं लिहीत नाही. तिला बाथरूमपाशी चक्कर आली, मग छातीत धरलं. अँब्युलन्स लवकर आली. इथं त्याबाबतीत तक्रार नाही. हॉस्पिटलमध्ये तासाभरात संपलं. हृदयाचा जुना त्रास होता तिला, गोळ्या चालू होत्या.

मी बाकावर बसलो होतो. अबुधाबीहून मुलगा संतोष निघाला होता. मंडळाच्या सेक्रेटरी जोशीबाई आल्या, सोबत आणखी दोघी. जोशीबाई माझ्याशेजारी बसून रडत होत्या. रडता रडताच म्हणाल्या, "सकाळीच म्हणत होत्या हो डोकं दुखतंय. आम्ही लक्षच दिलं नाही. आमचंही सगळ्यांचं दुखत होतं, मी तर दोन गोळ्या घेतल्या."

"काय म्हणालात?"

"डोकं. दुखत होतं. सगळ्यांचंच."

"आठीजणींचं?"

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. "हो. वाटलं, तेलाचा वास. बाहेर पडल्यावर बरं वाटलं सगळ्यांना."

एकीचं डोकं दुखलं तर ते डोकं. आठजणींचं एकाच दिवशी, एकाच छपराखाली दुखलं आणि बाहेर आल्यावर थांबलं, तर ती भट्टी. हे मी शिकाऊ पोरांना शिकवत आलो. आणि माझ्या घरात, चादरीच्या दुसऱ्या टोकाला ते बोललं जात होतं तेव्हा मी म्हटलं, चहा घे.

मी उठून डॉक्टरांना सांगितलं. तरुण डॉक्टर, मल्याळी होता. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, हृदय आधीच कमजोर असेल तर असा वायू त्रास वाढवू शकतो, पण त्यानंच झालं असं सांगता येणार नाही. तपासणी केली. शेवटी कागदावर हृदयच आलं. मी वाद घातला नाही. मी भट्टीचा माणूस, काळजाचं मला काय कळतं? पण मला जे कळतं ते कळलं होतं. तिला भट्टीनं नेलं की नाही ते देव जाणो. भट्टी मात्र आणखी कुणाला नेऊ शकत होती. सदाभाऊंच्या किचनमध्ये पहाटे साडेपाचला डब्यांचं काम सुरू होतं. सहा कामगार.

मी तिथूनच विलासला फोन लावला. बंद. सदाभाऊंना लावला. त्यांना बातमी कळली होती, हुंदके देत होते.

"सदाभाऊ, उद्या भट्टी पेटवू नका."

"बापू, तुम्ही आत्ता काय डोक्यात आणताय? वहिनींचं बघा आधी."

"पेटवू नका म्हणतोय. हवा कुठनं येते ते बघितल्याशिवाय नाही."

"विलासनं बसवलीय, तुमचाच शिक्का आहे त्यावर. सहा महिने चालतेय. सकाळी बघतो म्हटलं ना."

तुमचाच शिक्का आहे, हे ते मला धीर द्यायला म्हणाले. खरंच. त्यांच्या आवाजात दुसरं काही नव्हतं.

संतोष आला. मला घरी आणलं. म्हणाला, "बाबा, सकाळी आठला पेपरवर्क सुरू करू. तुम्ही जरा झोपा. यू हॅव टू रेस्ट." त्याच्याबरोबर आलेली नातवंडं झोपेत होती, त्यांना अजून सांगितलं नव्हतं. मी संतोषला भट्टीचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, प्लीज. नॉट नाऊ." त्याची चूक नाही. ज्या घरात असं झालंय त्या घरात भट्टीचा विषय काढणारा माणूस वेडाच दिसणार.

पावणेपाचला उठलो. हत्यारांची पिशवी माळ्यावर होती, ती काढली. खाली जाऊन टॅक्सी धरली. टॅक्सीवाला पेशावरचा. पिशवीकडं बघून म्हणाला, "चाचा, इस उमर में भी ड्यूटी?" मी म्हटलं, "आज की है बस."

सदाभाऊंचं किचन म्हणजे पत्र्याची शेड, पुढं शटर. शटर खाली होतं, बाजूचं छोटं दार उघडं. आतनं बर्नरचा आवाज येत होता. म्हणजे पेटली होती.

आत गेलो. थंडगार. मोठ्या कढईखाली जाळ चालू होता आणि जाळ तांबडा होता. लख्ख, तडतडीत पाहिजे. हा मंद, आळसट, काजळी सोडणारा. हवेला भुकेला. भट्टीमागच्या भिंतीत जाळी पाहिजे होती. तिथं लक्ष्मीचं कॅलेंडर टांगलेलं. कॅलेंडर उचललं तर खाली पुठ्ठा, चारी कडांना चंदेरी टेप, नीट, बोटानं दाबून बसवलेली. काम स्वच्छ होतं पोराचं, एवढं म्हणायला पाहिजे. मग वर बघितलं. धुराडं छतात शिरत होतं. स्टूलवर चढून फॉल्स सीलिंगची एक फळी सरकवली. पाइप तिथंच संपला होता. पत्र्याच्या बाहेर गेलाच नव्हता. बाहेर काढायचा तर शेडच्या मालकाची परवानगी लागली असती, पत्रा कापावा लागला असता. विलासनं तो सीलिंगच्या आत सोडला, खालनं दिसत नाही, झालं ओके.

तिथं स्टूलवर उभा असताना मला जे वाटलं ते लिहीत नाही.

खाली उतरलो. डिझेलचा व्हॉल्व्ह बंद केला. बर्नर गुरगुरला आणि थांबला.

एक कामगार धावत आला. "अरे चाचा, ये क्या किया? दो सौ डब्बा है!"

"सब बाहर. यल्ला, चलो."

"आप कौन?"

"भट्टीवाला. सिर दुखता है क्या तेरा?"

तो थांबला. बिहारचा पोरगा होता, मिसरूड फुटलेलं. "वो तो रोज होता है चाचा. बाहर बीड़ी पीने जाते हैं तो ठीक हो जाता है."

बिडीनं ठीक होतं असं त्यांना वाटायचं. सहा महिने.

मी शटरची साखळी ओढली. शटर कुरकुरत वर गेलं. सहाही जण बाहेर आले, फुटपाथवर उभे राहिले, एकमेकांकडं बघत. आत जाऊन बर्नर उघडला, नोझल काढला, खिशात टाकला. आता पेटवायची म्हटली तरी पेटणार नव्हती.

साडेसहाला सदाभाऊ आले. पांढरे कपडे घातलेले. आमच्याकडंच निघाले असणार. मला शटरपाशी बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"बापू? तुम्ही आज इथं? अहो, वहिनी तिकडं…"

"इकडं या." त्यांना आत नेऊन पुठ्ठा दाखवला, स्टूलवर चढवून पाइप दाखवला. ते खाली उतरले.

"मला विलासनं सांगितलं होतं सगळं ओके आहे म्हणून," ते म्हणाले. "आणि कागदावर तुमचा…"

"माझा," मी म्हटलं.

मग मी फोन काढला आणि सरकारी तक्रारीचा नंबर लावला. मुलगी इंग्रजीत बोलायला लागली, मी म्हटलं हिंदी. तिनं पत्ता घेतला, काय झालंय ते घेतलं. मी पुठ्ठा सांगितला, पाइप सांगितला, सहाजणांची डोकी सांगितली.

"इन्स्टॉलेशन किसने किया, सर?"

सदाभाऊ शेजारी उभे होते. माझा हात धरून कुजबुजले, "विलासचं नाव सांगा, बापू. त्यानं केलंय. तुम्ही कशाला?"

"कागदावर विलास कुठाय?" मी म्हटलं. फोनवर माझ्या कंपनीचं नाव सांगितलं. लायसन्सचा नंबर पाठ होता, तो सांगितला.

"और आपका नाम?"

सांगितलं. ती म्हणाली, "सर, कंप्लेंट करने वाले का नाम?"

"वही," मी म्हटलं. "दोनों जगह वही लिखो."

ती म्हणाली, टीम येईल, वेळ लागेल. मी म्हटलं, बसतो. शटरपाशी पिठाचा रिकामा डबा होता, तो पालथा घालून त्यावर बसलो. सदाभाऊ डब्यांच्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करून माफी मागत होते. सात वाजले. आठ वाजले. संतोषचे फोन यायला लागले. चौथा उचलला.

"बाबा, व्हेअर आर यू? इथं सगळे कागद तुमच्या सहीसाठी थांबलेत. आईला…"

"येतो," मी म्हटलं. "ती लोकं आल्याशिवाय मला इथनं हलता येत नाही. भट्टी माझ्या नावावर आहे."

फोन चालू होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "लोकेशन पाठवा. मी तिकडं येतो."

मला लोकेशन पाठवता येत नाही. बिहारच्या पोरानं माझा फोन घेऊन पाठवलं. संतोष नऊला पोचला, माझ्या शेजारी फुटपाथवर बसला. साडेनऊला तपासणीची गाडी आली. मी उठलो, त्यांच्या पुढं चालत आत गेलो आणि वरचा पाइप त्यांना बघता यावा म्हणून स्टूल धरलं.